न पाहिलेल्या सिनेमातली चिठ्ठी

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायला बसणाऱ्या बाईला सगळेच ताई म्हणायचे. मालक वयाने मोठे, तरी ताईच म्हणायचे, गिऱ्हाइकं म्हणायची, सख्खी धाकटी बहीण तर म्हणणारच. ताईचं वय एकावन्न. लग्न केलं नाही असं नाही, करायचं राहून गेलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर होतं, आणि त्यातल्या मोठ्या खोलीची एक अख्खी भिंत, खालपासून वरपर्यंत, सिनेमांच्या डिस्कांनी भरलेली होती.

तेही कसले सिनेमे! थिएटरवाला ज्यांना आठवडाभरसुद्धा पोसत नाही असले. कुठल्या तरी थंड देशातला एक सुतार तीन तास एक दार बनवतो. मिठागरात राबणारी विधवा अख्ख्या सिनेमात चार वाक्यं बोलते. ताई त्यात बुडून जायची. धाकटी मात्र हसून लोटपोट व्हायची. "तुझ्या सिनेमातला माणूस दार उघडायला उठतो ना ताई, तोवर माझा स्वयंपाक होतो, जेवणं होतात, भांडी होतात, आणि हा आपला अजून खुर्चीपाशीच."

ताईची एक शिस्त होती. सिनेमा पाहून झाला की पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा घ्यायचा, त्यावर तारीख आणि एकच वाक्य लिहायचं, आणि ती चिठ्ठी डिस्कच्या डब्यात ठेवून द्यायची. वाक्य एकच, पण मनातलं. ज्या डब्यात चिठ्ठी तो पाहिलेला, ज्यात नाही तो पाहायचा राहिलेला. हजाराच्या वर डबे झाले होते आणि त्यातले दीडएकशे अजून बिनचिठ्ठीचे होते. रोज बघता यावेत इतके दिवस कुठे असतात नोकरी करणाऱ्या माणसाकडे?

एका रविवारी सकाळी तिनं त्या बिनचिठ्ठीच्यातला एक काढला. वर्षभर जपून ठेवलेला होता. एका दीपगृहाच्या रखवालदाराचा, काळा-पांढरा, नव्याने साफसूफ करून काढलेला. अजून वरचा पातळ प्लास्टिकचा कागदही तिनं फाडला नव्हता. तब्येतीत बघायचा म्हणून कॉफी करून घेतली, खिडकीचा पडदा ओढला आणि डबा हातात घेतला.

प्लास्टिकचा कागद नव्हता.

सुटून पडला असेल, असं म्हणत तिनं डबा उघडला. डिस्क जागेवर होती, आणि डिस्कवर पांढरी चिठ्ठी. तारीख होती गेल्या महिन्यातल्या अकराची. खाली लिहिलं होतं : 'दिवा लावणाऱ्यालाच दिव्याखालचं दिसत नाही'. अक्षर डावीकडे कललेलं, आणि वाक्याच्या शेवटी टिंबाऐवजी छोटी आडवी रेघ.

ते अक्षर तिचं होतं.

ताई तशीच उभी राहिली. कॉफीवर साय धरली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग तिनं डिस्क लावली आणि सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला. समुद्र, जिना, तो म्हातारा, त्याचा कुत्रा. एकही दृश्य ओळखीचं वाटलं नाही. पाहिलेला सिनेमा कितीही विसरला तरी कुठे तरी एखादा चेहरा, एखादी हाक लागतेच की मनाला. इथे काहीच नाही. कोरी पाटी.

आता ताई एवढी का घाबरली ते सांगायला हवं. तिची आई चौपन्नाव्या वर्षी विसरायला लागली. आधी चाव्या, मग वार, मग गॅस. शेवटी शेवटी तर पोटच्या पोरींना "तुम्ही कुणाकडच्या?" असं विचारायची. सात वर्षं दोघी बहिणींनी आळीपाळीनं केलं. त्या वेळी डॉक्टर म्हणाले होते की एवढ्या लवकर सुरू होणारा हा आजार कधी कधी रक्तातून पुढे येतो. दोघींनी ते ऐकलं आणि त्यावर पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही. पण ताई मनात वर्षं मोजत होती. चौपन्नला अजून तीन वर्षं बाकी होती.

त्या रविवारी दुपारभर तिनं दीडशे बिनचिठ्ठीचे डबे एकेक करून उघडले. संध्याकाळपर्यंत आणखी दहा चिठ्ठ्या सापडल्या. सगळ्या गेल्या तीन महिन्यांतल्या. सगळ्यांवर तेच अक्षर, तीच रेघ. अकरा सिनेमे आपण पाहिले, त्यावर वाक्यं लिहिली, आणि आपल्याला पत्ताच नाही! खुर्चीवर बसली ती अंधार पडेपर्यंत उठली नाही.

सांगणार कुणाला? मालकांना सांगितलं तर काचा कुणी हातात देणार नाही. धाकटीला सांगावं तर तिचा जीव आधीच दोन मुलांत आणि शाळेत अडकलेला. ती गणित शिकवायची, आणि आईच्या आजारपणानंतर तिच्यासमोर नुसतं "अगं, विसरले" म्हटलं तरी तिचा चेहरा उतरायचा. ताईनं ठरवलं, कुणाला काही बोलायचं नाही. स्वतःवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची.

सोमवारपासून ती मनगटाच्या आतल्या बाजूला पेनानं बारीक लिहायला लागली. निघताना गॅस बंद, खिडकी बंद, डिस्क यंत्रात नाही. घरी आली की मनगट बघून ताडून बघायची. सोमवारी सगळं बरोबर. मंगळवारी सगळं बरोबर. बुधवारी घरी येऊन तिनं सहज यंत्रावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. यंत्र कोमट होतं. आत डिस्क नव्हती, पण यंत्र कोमट होतं.

ती तिथेच खाली बसली. एकतर घरात कुणी तरी येऊन गेलं होतं, नाहीतर आपणच मधे कधी तरी येऊन गेलो होतो आणि ते आपल्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. यातलं कोणतं जास्त भयंकर, ते तिला ठरवता येईना. चोर म्हणावा तर चोर चिठ्ठ्या कशाला लिहील, आणि त्याही आपल्या अक्षरात? नाही, चोर घरातलाच होता. तो आपल्या कवटीत बसला होता.

शनिवारी ती डिस्कवाल्याकडे गेली. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं बोळवजा दुकान होतं. जुन्या, परदेशी, कुठे न मिळणाऱ्या डिस्का तो कुठून कुठून आणायचा. ताईनं एक डबा उचलून पुढे केला. डिस्कवाला चष्म्यावरून बघत म्हणाला, "ताई, हा तुम्ही नेलाय की."

"मी? कधी?"

"दोन महिने झाले असतील. तुम्हीच म्हणालात, कव्हर फिकट आहे, पण चालेल."

ताईनं डबा परत खाली ठेवला. डिस्कवाला हसला. "अहो, त्यात काय! माझ्याकडे येणारी सगळीच मंडळी एक वस्तू दोनदा नेतात. एकानं तर एकच सिनेमा चारदा नेला. भिंत भरली की असंच होतं."

त्यानं समजूत काढायला सांगितलं, पण ताईला ते ऐकू येत नव्हतं. घरी येऊन तिनं शोधलं. खालून दुसऱ्या ओळीत, फिकट कव्हरचा तो डबा होता.

आणि मग दुकानात व्हायचं तेच झालं. भीतीनं माणसाचं लक्ष उडतं, आणि लक्ष उडालं की चुका होतात. तिरप्या नंबराची काच किती अंशांवर बसवायची ते कागदावर लिहिलेलं असतं. ताईनं एका शिक्षकाची काच आडवीच्या जागी उभी बसवली. तो माणूस चष्मा लावून दुकानाची पायरी उतरताना धडपडला. लागलं नाही फारसं, पण मालक मागच्या खोलीत आले आणि दार लोटून म्हणाले, "ताई, सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं. घरी काही आहे का? असलं तर सांगा, आपण काही परके नाही."

"नाही हो. झोप झाली नव्हती," ताई म्हणाली.

"मग दोन दिवस घरी बसा. आराम करा. काचा कुठे पळून जात नाहीत."

मालक भल्या मनानं बोलले होते. पण ताईला वाटलं, सुरू झालं. आईलाही शाळेच्या ग्रंथालयातून असंच आधी "आराम करा" म्हटलं होतं.

बुधवारी सकाळी ती नेहमीसारखी नऊला तयार झाली आणि घराबाहेर पडलीच नाही. मनगटावर लिहिलं : आज मी घरी आहे. मग आतल्या लहान खोलीत, कपड्यांच्या कपाटाच्या आडोशाला स्टूल टाकून बसली. दार बोटभर उघडं ठेवलं. तिथून मोठ्या खोलीतली खुर्ची, यंत्र आणि भिंत दिसत होती. आज काहीच झालं नाही तर उद्या सरळ डॉक्टरकडे जायचं, असं तिनं ठरवलं होतं. खरं सांगायचं तर काहीतरी व्हावं, कुणीतरी यावं, अगदी दरोडेखोर आला तरी चालेल, असंच ती मनात म्हणत होती. दरोडेखोराला आरडाओरडा करून पळवता येतं.

दहा वाजले. खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली आपटली. अकरा वाजले. ताईच्या पायाला मुंग्या आल्या. साडेअकराला जिन्यावर पावलं वाजली, वर आली, दाराशी थांबली. आणि कुलपात किल्ली फिरली.

ओरडायचं ठरवलं होतं, पण तोंड उघडेना. दार उघडलं, लागलं. चपला काढल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरात नळ सुटला, पेला भरला. येणाऱ्याला घरातलं सगळं ठाऊक होतं. मग पावलं मोठ्या खोलीत आली आणि ताईला पाठ दिसली. निळा स्वेटर, खांद्याला शाळेची मोठी पिशवी.

धाकटी होती.

ताई उठणारच होती. पण धाकटीनं भिंतीपुढे उभं राहून जे केलं ते बघून ती जागेवरच थिजली. धाकटी डब्यांवरून बोट फिरवत मोठ्यानं बोलत होती, वर्गात फळ्यासमोर बोलतात तसं. "आज बुधवार. महिना... महिना दुसरा. थोरल्याचं वय सोळा, पोरीचं बारा. यांचा वाढदिवस..." ती थांबली. बराच वेळ थांबली. "यांचा वाढदिवस..." मग तिनं पिशवीतून वही काढली, उघडली, वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

तिनं एक डबा काढला. उघडायच्या आधी डोळे मिटले. "यात एक बाई असते. ट्रेनमध्ये असते... नाही. नावेत." डबा उघडला. आत चिठ्ठी नव्हती; त्या पहिल्या रविवारी ताईनं सगळ्या काढून घेतल्या होत्या. धाकटीनं डबा उलटा करून झटकला. दुसरा काढला, झटकला. तिसरा. चौथा. तिचे हात भराभर चालायला लागले, डबे जमिनीवर पडायला लागले. "होती. इथेच होती. मी ठेवली होती ना? ठेवली होती ना मी?"

"धाकटे," ताईनं दार उघडलं.

धाकटी किंचाळली. हातातला डबा छातीशी धरून भिंतीला टेकली. क्षणभर ती ताईकडे नुसती बघत राहिली, आणि त्या क्षणभरात ताईला वाटलं की आता ही विचारणार, तुम्ही कुणाकडच्या? पण धाकटीनं श्वास घेतला. "मेले असते ना गं! स्वतःच्या घरात चोरासारखी काय बसतेस?"

"आणि तू? आज शाळा नाही?"

धाकटी हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही. ती खुर्चीत बसली आणि पिशवीचा बंद बोटांना गुंडाळत म्हणाली, "शाळा चार महिने नाही, ताई. रजा घेतलीय. सातवीच्या वर्गात उभी होते, सोपं गणित, पोरांना तोंडपाठ असतं असलं. आणि फळ्यावरची खूण काय सांगते तेच मला कळेना. पोरं हसली. त्यांना वाटलं, बाई गंमत करतात."

"डॉक्टर?"

"गेले होते. एकटीच. आईचंच आहे." ती सहज बोलल्यासारखं बोलली. "घरी कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी पिशवी घेऊन निघते आणि इथे येते. तुझ्या पोटाच्या ऑपरेशनच्या वेळी किल्ली दिली होतीस, ती राहिली होती माझ्याकडे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज काहीतरी नवीन बघा, एक वाक्य लिहून ठेवा, दोन दिवसांनी न बघता आठवा, मग ताडून बघा. म्हटलं, नवीन बघायचं तर ताईची भिंत आहेच. चिठ्ठी नसलेला काढायचा, म्हणजे तुझं वाक्य आयतं वाचायला नको."

"आणि चिठ्ठ्या डब्यातच ठेवून द्यायच्या?"

"छे! आठवून झालं की काढून न्यायचे मी. तुला कळलं असतं ना. दोन-तीनच तर लिहिल्या. सगळ्या काढल्या होत्या. आजची तेवढी..."

ताईनं टेबलाच्या खणातून अकरा चिठ्ठ्या काढल्या आणि तिच्या मांडीवर ठेवल्या. धाकटीनं त्या एकेक करून वाचल्या. आठव्या-नवव्या चिठ्ठीपाशी तिचा चेहरा पांढराफटक पडला. "या सगळ्या माझ्या?"

"माझं अक्षर वाटलं मला."

"आईनं दोघींकडून एकाच वहीत तर गिरवून घेतलं." धाकटीनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा नीट जुळवला, वर्गात उत्तरपत्रिका जुळवायची तसा. मग एकदम ताईकडे बघितलं. "म्हणजे इतके दिवस तुला वाटत होतं, की तुलाच..."

ताईनं होकाराची मान हलवली. आणि आता एक गोष्ट सांगायला हवी, जी ताईनं पुढे कधी कुणालाही सांगितली नाही. धाकटीच्या तोंडून ते ऐकल्यावर ताईला पहिल्यांदा वाटलं ते दुःख नव्हतं. तिला हायसं वाटलं. आपण नाही, ही आहे. ते वाटणं दोन श्वासच टिकलं असेल, पण टिकलं. मग तिला स्वतःचीच इतकी किळस आली की ती मोरीत जाऊन उभी राहिली आणि नळ सोडून तोंडावर पाणी मारत बसली.

बाहेर आली तेव्हा धाकटी जमिनीवरचे डबे उचलून लावत होती. सगळे चुकीच्या ओळीत. ताईनं ते तसेच राहू दिले.

"यांना सांगू नकोस," धाकटी म्हणाली.

"सांगावं लागेल. गॅस आहे, पोरं आहेत. आठव आईनं काय केलं होतं."

"म्हणूनच म्हणते, सांगू नकोस. एकदा सांगितलं की माझ्याकडे सगळे तसेच बघायला लागतील, आपण आईकडे बघायचो तसे. मी मीठ शोधत असले तरी यांच्या पोटात धस्स होणार. मला ते डोळे नकोत, ताई."

तरी त्याच संध्याकाळी दोघी मिळून गेल्या. धाकटीचे यजमान लिफ्टची दुरुस्ती करायचे. अबोल, कामाशी काम ठेवणारा माणूस. ग्रीसचे हात पुसत पुसत त्यांनी सगळं ऐकलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "चार महिने ही रोज पिशवी घेऊन जात होती आणि मी रोज विचारत होतो, कसा झाला दिवस. ही म्हणायची, पोरं ऐकत नाहीत." एवढं बोलून ते गॅलरीत गेले आणि पोरं क्लासहून परत येईपर्यंत आत आले नाहीत.

पुढच्या आठवड्यात ताईनं स्वतःच्याही तपासण्या करून घेतल्या. डॉक्टरीणबाईंनी चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. म्हणाल्या, वयाच्या मानानं ठीक आहे. दोनदा घेतलेल्या डिस्कचं सांगितल्यावर म्हणाल्या, "असं होतं. त्यावरून काही म्हणता येणार नाही. रक्ताची तपासणी करून खात्री करता येते, पण आधी नीट विचार करा. पुन्हा वर्षानं या." ताईनं विचार केला आणि रक्त दिलं नाही. मालकांना मात्र तिनं खरं ते सगळं सांगितलं. त्यांनी कागदावरचे अंश दुसऱ्या कारागिराकडून तपासून घ्यायची पद्धत घातली, सगळ्यांच्याच कामाला, म्हणजे तिच्या एकटीच्या मनाला लागणार नाही.

धाकटीची नोकरी सुटली. बुधवारी ताई अर्धा दिवस सुट्टी घेऊ लागली आणि त्या दुपारी धाकटी उघडपणे यायला लागली. दोघी सिनेमा बघायच्या. धाकटीला आता ते संथ सिनेमे आवडायचे. "यात कसं, आधीचं विसरलं तरी चालतं," ती म्हणायची, आणि ताईला हसावं की नाही ते कळायचं नाही. सिनेमा चालू असताना ताई पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघायची. धाकटीच्या ते लक्षात आलं की ती पडद्याकडे बोट दाखवायची. "तिकडे. सिनेमा तिकडे आहे."

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. बुधवारी दोन वाजून गेले तरी धाकटी आली नव्हती. ताई खिडकीशी उभी होती. तिला रस्त्यावरून निळा स्वेटर येताना दिसला, फाटकातून आत शिरताना दिसला, आणि मग जिन्यावर काहीच वाजेना. पाच मिनिटं गेली. मग खालून मोठमोठ्यानं बोलणं ऐकू आलं. ताई दोन-दोन पायऱ्या उतरत धावली.

दुसऱ्या मजल्यावर, शेजारणीच्या दारात धाकटी उभी होती. शेजारीण दार अर्धवट धरून म्हणत होती, "अहो बाई, पण मी इथेच राहते," आणि धाकटी तिला दटावून विचारत होती, "माझ्या ताईच्या घरात तुम्ही काय करताय? ताई कुठे आहे?"

"इथे आहे मी," ताई मागून म्हणाली.

धाकटी वळली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, मग गोंधळ आला, मग हळूहळू कळलं. ती दाराकडे बघत राहिली, मग वर जाणाऱ्या जिन्याकडे बघत राहिली. शेजारणीला हात जोडून म्हणाली, "माफ करा हं. मजला चुकला." ताईनं तिचा दंड धरला.

"चल," ताई म्हणाली. "एकच मजला राहिलाय."

धाकटीनं कठडा घट्ट धरला आणि प्रत्येक पायरीला आकडा म्हणत चढायला लागली, एक, दोन, तीन. ताई एक पायरी मागे राहिली आणि मनातल्या मनात तिच्याबरोबर मोजत गेली, कुठे चुकते का ते ऐकत. वर पोचल्यावर धाकटी थांबली. "अठरा," ती म्हणाली आणि ताईकडे बघितलं. "बरोबर?"

"बरोबर," ताई म्हणाली आणि तिनं दार उघडलं.